तीन शिट्ट्यांची कुंची

निवृत्त माणसाच्या हातात पहिले तीन महिने मोबाईल देऊ नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. सुतक पाळतात तसं काहीतरी पाळायला हवं. मी पीथमपूरच्या एका औषध कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटी विभागात काढली. माझी सही झाल्याशिवाय आमच्या कारखान्यातली एकही गोळी कुणाच्या पोटात गेली नाही. अशा माणसाला एके दिवशी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला सही करायला काहीच सापडत नाही. मग तो मोबाईल उघडतो.

त्यात एक दाढीवाला गृहस्थ होता. हिमाचलात कुठेतरी बसून तो स्वतःच्या मेंढीची लोकर स्वतः कातून स्वतःचा स्वेटर स्वतः विणत होता. मागे डोंगर, पुढे चूल, आणि तोंडावर असं समाधान, जे आमच्याकडे ऑडिट संपल्यावरसुद्धा मी कुणाच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. मी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. बाराव्या वेळी माझा निश्चय झाला. उदयनगरच्या जंगलाकडेला दोन बिघे जमीन घ्यायची, आपलं धान्य आपण पिकवायचं, आपला साबण आपण करायचा, आपलं वस्त्र आपण विणायचं. बाजाराचं तोंड पाहायचं नाही.

हे मी नाश्त्याच्या वेळी जाहीर केलं. माझी बायको माधवी पोह्यांवर शेव घालत होती. ती म्हणाली, "फार छान. आधी स्वतःचा चहा स्वतः करा, मग जंगलात जाऊ."

माझी थोरली बहीण अक्का आमच्याकडेच असते. वय अठ्ठ्याहत्तर, आणि मराठी आमच्या आजोबांच्या काळातलं. धाकट्या भावालाही ती अहोजाहो करते, त्यामुळे तिचं बोलणं नेहमी दुप्पट लागतं. ती म्हणाली, "मानसिंगराव, वस्त्र विणणार म्हणता, पण सदऱ्याचं बटण तुटलं तर आपण दुसरा सदरा घालता."

सुतावरून स्वर्ग गाठणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. माझं तर सूतही अजून कातायचं होतं. तरी मी गप्प बसलो असतो, आणि महिन्याभरात हे खूळ आपोआप उतरलं असतं, पण मध्ये धारचं डोहाळजेवण आलं.

माझ्या मुलाचं, शौर्यचं, सासर धारचं. सुनेचं नाव किमया, आणि पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून ती सातव्या महिन्यातच धारला गेलेली. व्याही विक्रमसिंहराव हे धारच्या दरबारातल्या जुन्या घराण्यातले. आता त्यांची सिमेंटची एजन्सी आहे, पण बोलणं अजून दरबारातलंच. आम्हा देवासकरांना ते फार गंभीरपणे घेत नाहीत. "एका गावात दोन राजे," ते दर भेटीत म्हणतात, "थोरली पाती, धाकटी पाती! तुमच्याकडे मुजरा कुणाला करायचा हे ठरेपर्यंत दिवस मावळत असेल, मानसिंगराव." आमचे पूर्वज थोरल्या पातीच्या शिलेखान्यात शस्त्रं सांभाळायला होते. हे मीही दर भेटीत सांगतो, पण ते ऐकू जात नाही.

तर डोहाळजेवणाच्या पंगतीत कुंचीचा विषय निघाला. बाळाचं डोकं, कान आणि पाठ एकदम झाकणारी ती कुंची बारशाला बापाच्या घरून यावी आणि बाळाच्या आत्याने ती घालावी, अशी आमच्यात रीत आहे. शौर्यला बहीण नाही, म्हणजे बाळाला आत्या नाही. विक्रमसिंहराव उदारपणे म्हणाले, "काही काळजी करू नका. आमच्याकडे जरीची कुंची आहे. चार पिढ्यांची. तीच घालू."

मी जिलबी खाली ठेवली. माझ्या तोंडून निघालं, "कुंची आमच्याच घरून येईल. आणि बाजारातली नाही. लोकर मी कातणार, कुंची मी विणणार."

माधवीने डोळे मिटून घेतले. फक्त किमया खुलली. तिचं सगळं शिक्षण हिंदीत झालेलं, मराठी बोलता बोलता वाट चुकतं. ती म्हणाली, "बाबा, सच्ची? तुमच्या हाथची? मग मी सबको सांगणार!"

आणि तिने खरंच सगळ्यांना सांगितलं.

आता एक गोष्ट मी तेव्हा कुणाला बोललो नाही, ती इथे सांगून टाकतो. शौर्यच्या बारशाचा एक फोटो आमच्याकडे आहे. त्यात अक्का आहे, शेजारी आहेत, दूधवाला आहे. मी नाही. त्या दिवशी मी बी-शिफ्टला होतो, बॅच अडकली होती. पुढेही त्याचं पहिलं पाऊल, पहिला दात, शाळेचा पहिला दिवस, सगळं मला कंपनीच्या बसमधून उतरल्यावर कळलं. तेव्हा या बाळाच्या अंगावर, त्याच्या बारशाला, माझ्या हातचं काहीतरी असावं असं मला फार वाटत होतं. व्याह्यांशी चढाओढ होतीच, पण ती वरवरची.

घरी आल्यावर आमचे शेजारी योगेंद्रजी सल्ला द्यायला हजर झाले. योगेंद्रजींना कोणत्याही विषयातलं कळतं. "कंई करी रिया हो भिया?" असं विचारत ते येतात आणि उत्तर ऐकायच्या आत उपाय सांगतात. ते म्हणाले, "भिया, बाजार से ऊन के चार गोले ले आओ और बोल दो कि मैंने काती. कौन लैब में भेज रहा है?"

हे त्यांनी एका क्वालिटीच्या माणसाला सांगितलं! मी त्यांना चहा न विचारताच निरोप दिला. चहा करता येत नव्हता हेही एक कारण होतं.

दिवाळीनंतर राजस्थानचे मेंढपाळ कळप घेऊन आमच्या माळव्यात उतरतात. उदयनगरच्या रस्त्याला मी दोन बिघे जमीन नुसती लांबून पाहायला गेलो होतो, तेव्हा लाल पागोटेवाला एक मेंढपाळ भेटला. मी स्कूटर थांबवून त्याला लोकरीचं विचारलं. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ले जाओ साब," तो म्हणाला, "आजकल कोई पूछता भी नहीं." आणि त्याने स्वतःच अख्खं पोतं भरून माझ्या स्कूटरवर बांधलं. मला एका बाळापुरती लोकर हवी होती. त्याने मला एका पलटणीपुरती दिली. नको म्हणायला मला संकोच वाटला. फुकट वस्तू नाकारायचा सराव आम्हा नोकरदारांना नसतो.

वाटेत एका वननाक्यावर मला अडवलं. पोत्यात काय आहे, विचारलं. मी सांगितलं, लोकर. नाकेदाराने भिंतीवरची यादी बोटाने वाचायला घेतली. तेंदूपत्ता, महुआ, गोंद, आवळा, चिरोंजी. लोकर कुठेच नव्हती.

"लिस्ट में नहीं है," तो म्हणाला.

"मग जाऊ द्या की. म्हणजे, जाने दीजिए."

"साहब, लिस्ट में होती तो परमिट देखके छोड़ देता. लिस्ट में ही नहीं है तो किस नियम से छोड़ूं?"

खरं सांगतो, मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. आमच्या विभागात तो फार पुढे गेला असता. शेवटी मीच एक अर्ज लिहिला, की सदर पोत्यातील माल जंगलाचा नसून मेंढीचा आहे आणि मेंढी परराज्यातील आहे, आणि खाली ठसठशीत सही केली. चार महिन्यांनी कशावर तरी सही करायला मिळाली, म्हणून मी त्याचे आभारही मानले.

मेंढीच्या अंगावर असते तेव्हा लोकरीला फारसा वास येत नाही. येतो, पण तो मेंढीचा आहे हे दिसत असल्याने माणूस समजून घेतो. गच्चीवर घमेल्यात भिजवलेल्या लोकरीला तशी सहानुभूती मिळत नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीत खिडक्या लागू लागल्या. योगेंद्रजींनी खालून ओरडून विचारलं, "भिया, बकरा बांधा है क्या ऊपर?" तिसऱ्या दिवशी त्यांनी फिनाईलची बाटली आणून दिली, आणि चौथ्या दिवशी नगर निगमचे सफाई दरोगा दोन माणसं घेऊन दारात उभे राहिले. हेल्पलाइनवर तक्रार होती, की मोहल्ल्यात जनावर मेलं असून जागा अज्ञात आहे. जागा ते नाकानेच शोधत आले होते.

मी त्यांना गच्चीवर नेलं. लोकर दाखवली, व्हिडिओ दाखवला, स्वावलंबनावर थोडं बोललो. दरोगा सज्जन माणूस. नाकावर रुमाल धरून त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहब, आप सही होंगे. मगर शिकायत तब तक बंद नहीं होती, जब तक शिकायतकर्ता बोले नहीं कि मैं संतुष्ट हूं. नहीं तो ऊपर चली जाती है."

"मग विचारा त्याला," मी जरा चढूनच म्हणालो. "समोर आणा. मीही पाहतो, कोण आहे ते."

त्यांनी कागदावरचा नंबर फिरवला. आमच्या स्वयंपाकघरात फोन वाजला.

जिन्यावर गल्लीतली आठ-दहा माणसं होती. त्या सगळ्यांच्या देखत माधवी हातात उलथनं घेऊन बाहेर आली, फोन कानाला लावला आणि समोर दोन हातांवर उभ्या असलेल्या दरोग्यांना फोनवरच म्हणाली, "हां जी, मैंने ही की है. नहीं, संतुष्ट नहीं हूं."

पुढची वाटाघाट माझ्याच ओसरीवर, माझ्याविषयी, पण मला वगळून झाली. लोकर संध्याकाळपर्यंत धुऊन संपवायची. न्हाणीघरातल्या बादलीला हात लावायचा नाही. उरलेलं पोतं निगमच्या गाडीतून जाईल. एवढं मान्य झाल्यावर माधवी "संतुष्ट" झाली, आणि दरोग्यांनी हात जोडून तिचे आभार मानले. लग्नाला तेहतीस वर्षं झाली. इतक्या लवकर ती संतुष्ट झालेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

धुतलेली लोकर कातायची कशी हा पुढचा प्रश्न. शहरात एक प्रशिक्षण केंद्र आहे असं कळलं. तिथल्या खिडकीवर फॉर्म भरताना बाईंनी विचारलं, "पारंपरिक व्यवसाय?" मी छाती काढून म्हणालो, "शिलेखाना. दरबारची शस्त्रं सांभाळायचो." बाईंनी पेन खाली ठेवलं. "भैया, तलवार का कुछ है नहीं अपने यहां. ये महिला समूह की ट्रेनिंग है." मी परत फिरणार एवढ्यात शिकवणाऱ्या लतिका मॅडमना माझी दया आली. त्यांनी मला मागच्या सतरंजीवर बसू दिलं, हजेरीपटावर मात्र घेतलं नाही. अठरा बायका आणि मी. त्या गप्पा मारत, हसत, एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढत टकळी फिरवायच्या आणि धागा आपसूक निघायचा. मी श्वास रोखून, सगळं ध्यान एकवटून फिरवायचो आणि माझा धागा कुठे दोरखंड, कुठे कोळ्याचं जाळं असा निघायचा. महिन्याने लतिका मॅडम म्हणाल्या, "सर, आपका धागा अलग ही पहचान में आता है." मी हे कौतुक समजून घरी सांगितलं.

तोवर जानेवारी उजाडला, आणि अक्काच्या हाताखाली माझं विणकाम सुरू झालं. सुलट टाका, उलट टाका, एवढंच ते असतं असं अक्का म्हणते. पोहणं म्हणजे नुसते हात मारणं असतं, त्यातलाच हा प्रकार. मी शिस्तीत एक वही घातली. प्रत्येक कामाची लेखी कार्यपद्धती, म्हणजे आमच्या भाषेत एसओपी, असल्याशिवाय मला काम सुचत नाही. 'केएन-०१, सुईवर टाके घालणे.' 'केएन-०२, चुकलेल्या टाक्याची नोंद, कारण आणि उपाययोजना.' तिसऱ्या दिवशी माझी वही भरली होती आणि सुईवर दोन ओळी होत्या.

"मानसिंगराव," अक्का म्हणाली, "टाका सुटला तर उचलायचा असतो. त्याचा पंचनामा करत नाहीत."

पहिली कुंची मी अंदाजाने विणली. ती माझ्याच डोक्याला सैल झाली. अक्का म्हणाली, ही घोड्याची झूल म्हणून बरी आहे. ती उसवली. दुसरी एका बाजूने वाढत गेली आणि दुसऱ्या बाजूने रुसून बसली. तीही उसवली. तिसरी निम्मी झाली होती तेव्हा धारहून फोन आला. मुलगा झाला! मी शौर्यला पहिला प्रश्न विचारला, "डोक्याचा घेर किती?" तो म्हणाला, "बाबा, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत." मी म्हणालो, "ते छानच झालं. पण घेर?" चौतीस सेंटिमीटर निघाला.

पुढचे नऊ दिवस मी जेवण आणि आंघोळ सोडून सुया खाली ठेवल्या नाहीत. योगेंद्रजी रोज येऊन ओळी मोजून जायचे. नवव्या दिवशी दुपारी शेवटचा टाका बंद केला. डावा कान उजव्यापेक्षा बोटभर लांब होता आणि धागा जागोजागी आपली पहचान दाखवत होता, पण कुणीही पाहिलं तरी ती कुंचीच होती. लोकर बाळाला टोचू नये म्हणून अक्काने तिच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचं अस्तर आतून लावून दिलं. माधवीने कुंची हातात घेतली, उलटीसुलटी केली, लांब कान हळूच ओढून पाहिला आणि घडी करून देवापुढे ठेवली. मला भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून एक अख्खी वस्तू तयार झाली होती. नुसती तपासून पुढे ढकललेली नव्हती.

इथेच थांबलो असतो, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

बारशाच्या आदल्या दिवशी अक्का म्हणाली, "मानसिंगराव, कोरं वस्त्र बाळंतघरात जात नाही. उकळून, वाळवून मगच बाळाच्या अंगाला लागायला हवं. मेंढीचं आहे, मेंढपाळाच्या पोत्यातलं आहे, कुठून कुठून आलेलं." आणि मी ताडकन उठलो. कारण क्वालिटीचा नियमही तोच! नवजात बाळाच्या अंगाला लागणारी वस्तू निर्जंतुक हवी. एकशे एकवीस अंश, पंधरा मिनिटं, वाफेच्या दाबाखाली. एकतीस वर्षं मी हे वाक्य भिंतीवर लावलेलं पाहिलं होतं. अक्काचं सोवळं आणि माझं एसओपी यांचं जन्मात कधी एकमत झालं नव्हतं. ते त्या दिवशी झालं, आणि मोठी माणसं एकमताने जे करतात तेच झालं.

वाफेचा दाब देणारं यंत्र आमच्याकडे एकच होतं. माधवी सामान आणायला बाहेर गेली होती. मी कुंची आधी रिठ्याच्या पाण्यात खसखसून चोळली, मग कुकरमध्ये ठेवली, झाकण लावलं, आणि घड्याळ समोर ठेवून बसलो. निवृत्तीला मिळालेलं तेच घड्याळ. पहिली शिट्टी झाली तेव्हा अक्काने हात जोडले. तीन शिट्ट्यांनंतर गॅस बारीक केला आणि पंधरा मिनिटं सेकंदाला सेकंद मोजली. वहीत नोंद करून सहीसुद्धा केली.

झाकण उघडलं. कुकरच्या तळाशी सकाळच्या वरणाच्या रंगाची, लोकर कुटून केलेल्या नमद्यासारखी घट्ट, माझ्या मुठीहून थोडी मोठी अशी एक वस्तू बसली होती. तिला हिंगाचा वास येत होता.

अक्का वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "हे कोण?"

तेवढ्यात माधवी आली. पिशवी खाली ठेवून तिने कुकरमध्ये डोकावलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, लोकरीचं कधी कुणी उकळतं का? गार पाण्यात, हलक्या हाताने, एवढं तरी विचारायचं!"

मला कसं ठाऊक असणार? या घरात तेहतीस वर्षं स्वेटर धुतले जात होते आणि मी एकदाही तिकडे फिरकलो नव्हतो. उदयनगरच्या जंगलात जाऊन स्वतःच्या हातांवर जगणार होता तो माणूस हाच. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी आत बोळा झालेलं अस्तर उसवून काढलं आणि ती वस्तू चारी बाजूंनी ओढून पाहिली. पातेल्यावर ताणून पाहिली. ती हलायला तयार नव्हती. संध्याकाळी योगेंद्रजी येऊन तिला टिचकी मारून म्हणाले, "मजबूत तो बनी है, भिया."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं गाडीने धारला निघालो. इंदूर मागे पडलं, पीथमपूरच्या फाट्यावर कंपनीच्या बसगाड्या ओळीने उभ्या होत्या, आणि मी खिडकीतून बाहेर बघत होतो. माधवीने पर्समधून एक खोका काढून माझ्या मांडीवर ठेवला. आत रेशमी कुंची होती. बाजारातली, मोत्यांच्या झालरीची, सुंदर.

"कधी आणलीस?"

"तुम्ही लोकर आणलीत त्याच दिवशी," ती म्हणाली. मग माझा चेहरा पाहून हळूच म्हणाली, "राहू दे आता. बाळाला थोडीच कळणार आहे?"

ती आटलेली कुंची मात्र मी कोटाच्या खिशात घातली होती. का, ते मला सांगता येणार नाही. घरी टाकून यायला जीव झाला नाही.

धारला घर माणसांनी भरलेलं होतं. बायका आत पाळण्याभोवती, पुरुष बाहेर पेढ्यांभोवती. विक्रमसिंहराव सगळ्यांच्या देखत म्हणाले, "या मानसिंगराव! ती ऐतिहासिक कुंची दाखवा आता." माधवीने पटकन खोका पुढे केला, आणि मीही, खोटं कशाला सांगू, तोंड मिटून उभा राहिलो. सगळे वा वा म्हणायला लागलेही होते.

तेवढ्यात आतून किमयाने हाक मारली. "बाबा! इकडे आओ ना. ती तुमच्या हाथची कुठे आहे? हॉस्पिटलमध्ये नर्सपर्यंत सगळ्यांना बोलून ठेवलंय मी!"

मी आत गेलो. मांडीवर बाळ होतं. एवढंसं, लालबुंद, मुठी आवळून झोपलेलं. त्याच्यासमोर मला खोटं बोलता येईना. मी खिशात हात घातला आणि ती वस्तू काढून तिच्यापुढे धरली. "ही आहे," मी म्हणालो. "मीच कातली, मीच विणली, आणि काल मीच कुकरला लावली."

दारातून विक्रमसिंहरावांच्या हसण्याचा गडगडाट झाला. पाठोपाठ सगळं घर हसलं. माधवी माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. किमया तेवढी हसली नाही. तिने लांब कानावरून बोट फिरवलं आणि इंदिराबाईंकडे, म्हणजे तिच्या आईकडे पाहिलं.

इंदिराबाईंच्या हातात त्या वेळी वरवंटा होता. धुतलेला, हळदीकुंकू लावलेला, चटणी वाटायचा दगडी वरवंटा. मला काहीच उलगडेना. उभ्या आयुष्यात मी बारसं पाहिलेलंच नव्हतं. अक्का माझ्या कानाशी म्हणाली, "बाळाच्या आधी वरवंटा निजवतात पाळण्यात. त्याच्यासारखं दणकट, दीर्घायुषी व्हावं म्हणून. आधी त्याला नटवायचं, त्याचं कौतुक करायचं, मग बाळ."

विहीणबाई त्याला रुमाल गुंडाळायला निघाल्या होत्या. त्यांनी रुमाल बाजूला ठेवला. माझ्या हातातून कुंची घेतली आणि वरवंट्याच्या डोक्यावर चढवली. मापात बसली! टोकापर्यंत, घट्ट, कुठे सुरकुती नाही. नमद्यासारखी झाली होती ना, ती त्या गुळगुळीत दगडावरून जराही सरकेना. बायकांनी वरवंटा पाळण्याच्या वरून आणि खालून एकमेकींच्या हाती द्यायला सुरुवात केली. देवाची नावं घेत, हसत, त्याला जोजवत. एकीने तर त्याचा मुका घेतला आणि म्हणाली, "अगबाई, हिंगाचा वास येतोय बाळाला!" पाच फेऱ्या झाल्या. मग कुंची घातलेल्या वरवंट्याला पाळण्यात निजवलं आणि त्याच्या शेजारी, रेशमी कुंचीतल्या माझ्या नातवाला. बाळाला आत्या नाही म्हणून शौर्यच्या आत्याने, अक्काने, तो मान घेत वाकून त्याच्या कानात नाव सांगितलं, मनन, आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या पाठीत धपाधप धपाटे घातले.

मला रडू आलं. सगळ्यांच्या देखत, चांगलं हुंदका देऊन. शौर्यने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, फोटो काढायचाय," तो म्हणाला. "तुम्ही पाळण्याजवळ उभे राहा. मध्ये."

इंदिराबाई म्हणाल्या, "कुंची परत मिळायची नाही हं, भाऊसाहेब. आता या घरात होईल त्या प्रत्येक बारशाला वरवंट्याला हीच." मी मनात हिशेब केला. रेशमी कुंची बाळाला चार महिन्यांत आखूड होईल. वरवंटा कधी वाढत नाही.

जेवणाच्या पंगतीत विक्रमसिंहराव मला हाताला धरून फिरवत होते. धारमधले त्यांचे सगळे स्नेही, माजी सरदार, आजी व्यापारी, एकेकाला माझी ओळख करून देत होते. "हे आमचे व्याही, देवासचे मानसिंगराव," ते म्हणत, आणि पुढच्या पाटापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात जोडत, "वरवंट्याचे आजोबा!"

मी प्रत्येकाला वाकून नमस्कार केला.